डावी कुऱ्हाड, उजवी कुऱ्हाड

सकाळी ह्यांची ऑफिसला निघायची वेळ म्हणजे आमच्या घरातली रोजची शोधमोहीम. चष्मा कपाळावर असतो आणि हे तो उशीखाली शोधत असतात. त्या दिवशी मोजा हरवला होता, आणि तोही एकच. दुसरा हातात धरून हे घरभर फिरत होते आणि हरवलेला मीच खाल्ला असावा अशा नजरेनं माझ्याकडे बघत होते. गॅसवर दूध, मशीनमध्ये कपडे, एका हातात डबा, आणि तेवढ्यात दारावर टकटक झाली.

आमच्या दाराला चांगली मोठ्या आवाजाची बेल आहे. ती सोडून बोटाच्या पेरानं टकटक करणारं माणूस आख्ख्या इमारतीत एकच, वरच्या ताई. आमच्या डोक्यावरच्या खोलीत राहतात म्हणून वरच्या. नवीन भाडेकरूंचा ह्या नावानं गोंधळ होतो. टाकीचं पाणी कधी सुरू होणार असं कुणी विचारलं आणि आम्ही ‘वरच्यांना ठाऊक’ म्हणालो की ते बिचारे आकाशाकडे बघतात. टाकीच्या खोलीची किल्ली ताईंकडे असते, एवढंच.

दार उघडलं तर ताई उभ्या. उंच, सडपातळ, खांदे जरा पुढे आलेले, केस मानेच्याही वर बारीक कापलेले. बोटांच्या पेरांवर चपला चिकटवायच्या वाळलेल्या सोल्यूशनचे पिवळट पापुद्रे. एवढी वर्षं शेजारी राहून त्या कधी वाटीभर साखर मागायला आल्या नव्हत्या. आल्या असतील तर आपल्याकडचं काहीतरी द्यायला.

“वहिनी, तुमच्याकडे केस वाळवायचा ड्रायर आहे का?”

माझी नजर आपोआप त्यांच्या डोक्याकडे गेली. टॉवेलनं एकदा पुसले की वाळतील एवढेच केस. ह्यांनीही मोजा हातात घेऊन माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं.

“केसांसाठी नकोय,” ताई म्हणाल्या.

“मग?”

“कुऱ्हाडीसाठी.”

मागे दूध उतू गेलं. गॅस बंद करून मी परत येईपर्यंत ताईंनी ह्यांना समजावून सांगितलं होतं की कुऱ्हाड खरी नाही, फोमची आहे, भाचीसाठी आहे आणि व्हिडिओ गेममधली आहे. हे गंभीरपणे मान हलवत होते. ताई जिना चढून गेल्यावर म्हणाले, “आयुष्यभर लोकांच्या पायांची सेवा केली बाईंनी. आता पायावर कुऱ्हाड.” आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन दोन वेगवेगळ्या रंगांचे मोजे घालून ऑफिसला गेले.

पायांची सेवा म्हणजे ताई चपलांच्या कारखान्यात सोल कापतात. शाळा सुटल्यासुटल्या तिथे लागल्या त्या अजून तिथेच आहेत. पुढे साच्यानं दाबून सोल पाडणारी मशीनं आली, कापायचं खातं रिकामं झालं. पण नवीन चप्पल बाजारात येण्याआधी मालकाला दाखवायचा जो पहिला जोड असतो, तो अजून हातानंच कापावा लागतो, आणि तो ताई कापतात. बाकीचा वेळ त्या माल तपासतात. कापून उरलेले फोमचे मोठे तुकडे घरी न्यायला त्यांना मनाई नाही. आमच्या पायपुसण्याखाली, फ्रिजच्या पायांखाली, कपाटाच्या दारामागे, सगळीकडे ताईंचा फोम आहे. आमचं घर कुठेच आपटत नाही.

ड्रायर नुसता देऊन चालण्यासारखं नव्हतं. तो फार लहरी आहे. तार एका ठरावीक कोनात वर धरली तरच चालतो, आणि चालला तरी थोड्या वेळानं तापून आपणहून बंद पडतो. मग निवेपर्यंत त्याची मनधरणी करत बसायचं. म्हणून घरचं आवरल्यावर मीच तो घेऊन वर गेले. त्या दिवसापासून कारखान्याला सुट्टी असली की, किंवा ताई कामावरून आल्या की, मी ड्रायरची तार धरायला वर जाऊ लागले.

त्यांची एक खोली आणि स्वयंपाकघर. खिडकीला लागून आईचा पलंग. आई जाऊन बराच काळ झाला, गादी गुंडाळून कपाटावर गेली होती, पण पलंग तिथेच होता, आणि त्याच्या फळ्यांवर आता काळ्या फोमच्या शीटा पसरल्या होत्या. नव्या कोऱ्या चपलेचा वास येतो ना दुकानात, तोच वास खोलीभर. समोर टीव्ही, टीव्हीखाली खेळाचा काळा डबा, त्याला जोडलेला एक रिमोट. ताई त्याला रिमोटच म्हणतात. दुसरा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, रबर लावून डब्याशेजारी ठेवलेला.

कुऱ्हाड त्यांनी टीव्हीवरूनच उतरवली होती. खेळ थांबवायचा, पडद्यावर वर्तमानपत्र धरायचं आणि मागच्या उजेडात पेन्सिल फिरवायची. मग ते चित्र भाचीच्या उंचीच्या हिशेबात मोठं करायचं. भाचीची उंची त्यांना ठाऊक नव्हती. पण पायाचं माप तोंडपाठ होतं, कारण ती लहान असल्यापासून तिच्या चपला ताईंनीच केल्या. पावलावरून त्यांनी उंची धरली, मग फोन करून विचारली, तर बोटभराचा फरक निघाला. “शाळेत वाकून चालायची,” ताई म्हणाल्या, “आता ताठ झाली असणार.”

खेळात ही कुऱ्हाड एका दांडग्या, चिलखत घातलेल्या बाईच्या पाठीवर असते. पाठीला टेकते ती बाजू सपाट. बाहेरची बाजू मात्र थरावर थर चढत गेलेली, नदीच्या काठाला पाणी ओसरताना पायऱ्या पडतात तशी. पातं एकाच बाजूला, उजव्या खांद्यावरून डोकावणारं, आणि त्याच्या टोकाला हुकासारखा वळलेला आकडा. ताईंनी तळाला जाड फोम घेतला होता, त्यावर त्याहून लहान, त्यावर त्याहून लहान. प्रत्येक थराची कड रापीनं, म्हणजे सोलची कड तासायच्या त्या रुंद पात्याच्या सुरीनं, तिरकी उतरवायची. दोन्ही तुकड्यांना सोल्यूशन लावायचं आणि थांबायचं. बोटाला लागेनासं झालं की मगच एकावर एक ठेवून दाबायचं. घाई केली की सुटतं. पात्याला बाक द्यायचा तर गरम करून वाकवायचं आणि थंड होईपर्यंत हातात धरून ठेवायचं. त्यासाठी ड्रायर.

ड्रायर बंद पडला की आम्ही बोलायचो. ताईंबद्दल मला जे काही ठाऊक आहे ते सगळं त्या ड्रायरच्या कृपेनं. चांगला ड्रायर असता तर कुऱ्हाड लवकर झाली असती आणि मला काहीच कळलं नसतं.

भाऊ धाकटा. त्याला शिकवलं, तो शिकून दुसऱ्या गावी गेला, तिकडेच संसार थाटला. आई ताईंकडे. लग्नाचं काय झालं हे मी विचारलं नाही, आणि त्यांनीही एकदाच, कड तासता तासता, सांगितलं की दोनदा ठरत आलं होतं. एकदा आई पडली म्हणून राहिलं, एकदा तो मुलगाच राहिला. मग आई अंथरुणाला खिळली. त्याच सुमाराला भावाच्या मुलीला इथल्या कॉलेजात जागा मिळाली आणि ती आत्याकडे राहायला आली. कपड्यांची एक बॅग आणि खेळाचा हा डबा.

“आधी मला राग यायचा,” ताई सांगत होत्या. “आजी तिकडे कण्हतेय आणि ही इकडे माणसं मारतेय. पण आईला तो आवाज आवडायचा. घरात माणसं आहेत असं वाटतं म्हणायची.”

एकदा भाचीला खेळात सोबत हवी होती. मैत्रिणी कुणी मिळेनात, तेव्हा तिनं आत्याच्या हातात दुसरा रिमोट कोंबला. ताईंना लढता येईना. त्यांनी स्वतःसाठी एक लहानशी, टोपीवाली, खांद्याला झोळी अडकवलेली बाई निवडली, आणि ती बाई काय करायची तर झाडपाला गोळा करायची. भाची कुऱ्हाड घेऊन पुढे राक्षसांच्या अंगावर जायची आणि आत्या मागून मुळ्या उपटत यायची. भाची घायाळ झाली की आत्या पुढे होऊन पाला वाटून लावायची. सैनिकांच्या बुटांना टाचच नाही, हे घसरत कसे नाहीत, ह्या दोराच्या चपलेचा अंगठा आधी तुटेल, असं ताईंचं चालू असायचं. भाची म्हणायची, “आत्या, तो आपल्याला मारायला येतोय आणि तू त्याच्या पायात काय बघतेस?”

हे सांगताना ताई इतक्या हसल्या की कड थोडी वाकडी गेली. मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

आई गेली. भाचीचं कॉलेज संपलं, दूरच्या शहरात नोकरी लागली. जाताना डबा आत्याकडेच ठेवला. स्वतःसाठी तिनं तिकडे नवा घेतला. कानात ते बोलायचं यंत्र अडकवून दोघी आपापल्या घरातून एकाच खेळात भेटायच्या. खेळात एक पूल आहे, पुलापाशी शेकोटी असते. रोज संध्याकाळी कामावरून आलं की तिथे यायचं असं ठरलेलं. राक्षस बाजूला राहायचे. भाची ऑफिसातल्या कागाळ्या सांगायची, आत्या कारखान्यातल्या. शेकोटीजवळ दोन बाया, एक कुऱ्हाडवाली आणि एक झोळीवाली, तासन्‌तास बसलेल्या.

मग रोजचं आठवड्यावर आलं. मग सुट्टीच्या दिवशी, जमलं तर. पडद्याच्या कोपऱ्यात भाचीचं नाव असतं, ती खेळात आली की नावाशेजारी हिरवा ठिपका लागतो, नसली की राखाडी. ताईंनी मला तो ठिपका दाखवला. राखाडी होता.

“मग तुम्ही एकट्याच खेळता?”

“खेळत नाही. जाते आणि शेकोटीपाशी बसते जरा. मग बंद करते.”

मी ड्रायर सुरू होतो का ते बघितलं. तो निवला नव्हता.

अशात भाचीचा फोन आला होता. आमच्या गावाच्या पलीकडे कुठेतरी ह्या खेळांवर जीव टाकणाऱ्या लोकांचा मेळावा भरणार होता. सगळे खेळातल्या माणसांसारखे कपडे करून जातात म्हणे. ऑफिसातली पोरंपोरी मिळून गाडी करणार होती. तिला ती चिलखतवाली व्हायचं होतं. चिलखत भाड्यानं मिळतं, पण कुऱ्हाड मनासारखी मिळेना. आत्याकडे फोम असतो, आत्याला कापता येतं, आत्या करून देशील का? मेळाव्याला जाताना त्यांची गाडी इकडूनच जाणार, तेव्हा रविवारी ती वर येऊन घेऊन जाईल. फार थांबता येणार नाही, पण येईल.

ताईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात काही नव्हतं. पण त्या आठवड्यात त्यांनी खिडकीचे पडदे धुतले, आणि जिन्यातला आपल्या मजल्याचा दिवा बदलून घेतला.

कुऱ्हाडीचा दांडा आत पोकळ राहून चालत नाही, नाहीतर पात्याच्या भारानं लवतो. आत काहीतरी कडक घालावं लागतं. मी आमच्या मागच्या खोलीच्या पडद्याचा दांडा काढून नेला. ह्यांनी संध्याकाळी विचारलं की पडदा जमिनीवर का आहे. मी म्हटलं, दांडा युद्धावर गेलाय.

आणि मग ती चूक झाली. तिला चूक म्हणावं की काय, मला अजून ठरवता येत नाही.

सगळे थर कापून झाल्यावर चिकटवायच्या आधी ताई ते पलंगावर मांडत होत्या. मी तार सोडवत होते. बराच वेळ काही आवाज आला नाही म्हणून मी पाहिलं, तर ताई कमरेवर हात ठेवून उभ्या. पलंगावर तुकडे दुप्पट होते. प्रत्येक थर दोनदा. एक पातं उजवीकडे बघणारं, एक डावीकडे. कडा उतरवलेल्या त्याही तशाच, एकमेकींच्या उलट. दोन अर्धवट कुऱ्हाडी एकमेकींकडे तोंड करून निजल्या होत्या.

“हातानं केलं,” ताई म्हणाल्या. “मी नाही.”

सोल कापणाऱ्याचा हात असा असतो. साचा ठेवायचा, कापायचं, साचा उलटा करायचा, पुन्हा कापायचं. डावा, उजवा. डावा, उजवा. हे विचार करून होत नाही, आपण जिना उतरतो तसं होतं. त्यांच्या खात्यात नवीन माणसानं चुकून एकच पाय कापला की जुनी माणसं विचारायची, लंगडीसाठी आहे का? ताईंच्या हातानं आयुष्यात कधी एकटी वस्तू कापली नव्हती. साचा कागदाचा असो, कुऱ्हाडीचा असो, एक काप झाला की हात तो उलटा करणारच.

मी म्हटलं, बरं झालं, एखादा तुकडा बिघडला तर हाताशी असेल.

“डाव्याचा तुकडा उजव्याला कसा चालेल, वहिनी? डाव्या पायात उजवी चप्पल घालता का?”

“मग ती राहू द्या. पुढे कशाला तरी होईल.”

त्यांनी डाव्या कुऱ्हाडीचे तुकडे गोळा केले, एकावर एक रचले, कोपऱ्यात ठेवायला निघाल्या, आणि वाटेतून परत आल्या. जोडातलं एक टाकवत नाही म्हणाल्या. आमच्या मागच्या खोलीतला दुसरा पडद्याचा दांडाही मग युद्धावर गेला.

दोन्ही बरोबरीनं वाढू लागल्या. वरून पांढऱ्या गोंदाचे हात देऊन फोमची छिद्रं बुजवली, मग काळा रंग, मग कापडाच्या बोळ्यानं हलकी चंदेरी झाक. जुनेपणासाठी ताईंनी जे केलं ते मला फार आवडलं: खाचांमध्ये तपकिरी बूट पॉलिश भरलं आणि जुन्या मोज्यानं चोळून पुसलं. बघता बघता ते लोखंड झालं, आणि तेही कित्येक पावसाळे खाल्लेलं. मी उचलायला गेले तर हात सवयीनं जड वस्तूच्या तयारीत होता. कुऱ्हाड एकदम वर आली आणि दिव्याला लागली.

राहिली मूठ. दांड्याला जिथे हात धरायचा तिथे त्यांनी फोमचे वेढे दिले होते, चांगले जाड. डाव्या कुऱ्हाडीची मूठ त्यांनी माझ्यासमोर बसल्या बसल्या तासून टाकली. धरून बघायच्या, रापी फिरवायच्या, पुन्हा धरायच्या. स्वतःच्या हाताच्या मापानं. तेव्हा मला कळलं की त्या मुळात डावखुऱ्या आहेत. कारखान्यात उजव्या हातानं कापायला शिकावं लागलं.

उजवी मात्र तशीच ठेवली.

“हिचं माप कुठंय माझ्याकडे?” त्या म्हणाल्या. “पाय माहीत आहे तिचा. हात नाही.”

भाचीनं फोनवर हाताचा फोटो पाठवला होता. ताईंनी तो मला दाखवला. नखांना गडद रंग, मनगटावर घड्याळ, छान लांब बोटं. पण फोटोतला हात केवढा ते कसं कळणार? मोठा करावा तेवढा होतो. म्हणून त्यांनी ठरवलं होतं की रविवारी ती येईल, उभ्या उभ्या चहा घेईल, तेवढ्या वेळात तिच्या हातात कुऱ्हाड द्यायची आणि धरल्या जागी मूठ तासायची. चहा संपेपर्यंत होईल. त्यांनी हे मला दोन-तीनदा सांगितलं. चहा जरा जास्त गरम करीन, असंही एकदा म्हणाल्या.

शनिवारी त्यांनी मला विचारून ठेवलं की रविवारी मी घरी आहे ना. मूठ तासून झाल्यावर कडा शेकायला ड्रायर लागेल आणि तार धरायला मी. मी म्हटलं, मी कुठे जातेय.

रविवारी सकाळपासून वर पावलं वाजत होती. खाली राहणाऱ्याला वरच्याचा दिवस ऐकू येतो. पलंग सरकवला. खुर्ची आणली. खिडकीशी गेल्या, परत आल्या. हे पेपर वाचता वाचता छताकडे बघून म्हणाले की सैन्य निघालेलं दिसतंय. मी हसले, पण कान वरच होते. जिन्यात कुणाची चाहूल लागली की मी तार गुंडाळलेला ड्रायर घेऊन उठायची, आणि ते कुणीतरी दुसरंच निघायचं.

दुपारच्या आत केव्हातरी पावलं थांबली. मग खाली काहीच ऐकू येईना. जेवणं झाली, ह्यांची झोप झाली, उन्हं उतरली, वर काहीच नाही. माणूस घरात असताना इतकं शांत कसं राहू शकतं ह्याचीच मला भीती वाटली. मी ड्रायर घेतला आणि वर गेले. न बोलावता जायला काहीतरी हातात असलेलं बरं.

दार लोटलेलं होतं. ताई खुर्चीत बसल्या होत्या, अंगात नवा स्वेटर, रिमोट मांडीवर. टीव्हीवर पूल, शेकोटी, आणि शेकोटीशी ती टोपीवाली बाई एकटीच. कोपऱ्यात भाचीचं नाव. ठिपका राखाडी. पलंगावर धुतलेली चादर अंथरून दोन्ही कुऱ्हाडी ठेवल्या होत्या. ओट्यावर दोन कप पालथे.

मी काही विचारायच्या आतच त्यांनी सांगितलं. फोन आला होता. ऑफिसातल्या पोरांनी शेवटच्या दिवशी बेत बदलला, सगळ्यांनी मिळून दुसऱ्याच खेळातले कपडे केले, त्यात कुऱ्हाड बसत नव्हती. आणि चालवणाऱ्यानं गाडी बाहेरच्या रस्त्यानं घेतली. तिला मागे बसून काही करता येईना. फोनवर मागे सगळे गाणी म्हणत होते, त्यामुळे नीट ऐकूही येत नव्हतं.

मला रागच आला. मी बोलले, जरा जास्तच बोलले. आजकालच्या पोरांपासून सुरुवात केली आणि ताईंच्या भावापर्यंत पोचले. ताईंनी बोलू दिलं.

“रडवेली झाली होती हो पोर,” मी दम खायला थांबले तेव्हा त्या म्हणाल्या. “मीच तिला म्हटलं, अगं फोमचं तर आहे. वेळ जावा म्हणून केलं.”

“असं का म्हणालात?”

“मग काय म्हणायचं? तिच्या वयात मी तरी कोणत्या आत्याला भेटायला जात होते?”

मी पलंगाच्या कडेवर टेकले. उजव्या कुऱ्हाडीची जाड मूठ माझ्या शेजारी होती. बाकी सगळी कुऱ्हाड अंगावर येईल इतकी खरी, आणि मुठीशी मात्र नुसता काळा गुंडाळा, पाय मोडल्यावर बांधतात तसा. मी म्हटलं की पुढे कधीतरी येईलच ती, तेव्हा तासा. मूठ काही पळून जात नाही.

ताईंनी मान हलवली.

“ती येईल तेव्हा तिला बसू द्यायचं, वहिनी. दारात पाय ठेवल्या ठेवल्या हातात कुऱ्हाड दिली तर पुढच्या वेळी फोनच करेल. आत्याकडे आली तर आत्याकडे येऊ दे. तिच्यावर हे ओझं कशाला?”

असं म्हणून त्या थोड्या हसल्या, आणि मग हसू कुठे ठेवावं ते न कळल्यासारख्या टीव्हीकडे बघत राहिल्या. पडद्यावर संध्याकाळ झाली होती. त्या टोपीवाल्या बाईनं शेकोटीत आपणहून एक लाकूड सारलं. खेळात असं आपोआप होतं, कुणी काही दाबलं नाही तरी.

ताईंनी रिमोट बाजूला ठेवला. उठल्या, टीव्ही बंद केला, खोलीतला दिवा लावला. स्वयंपाकघरात जाऊन रापी घेऊन आल्या, अंगठ्यावर धार बघितली आणि दगडावर दोनदा ओढली. मग पलंगापाशी येऊन उजवी कुऱ्हाड उचलली आणि मुठीकडून माझ्यासमोर धरली.

“मूठ अशी ठेवली तर ही वस्तू होत नाही. नुसता ढीग राहतो. मला ती कुणाच्या तरी हाताची करायची आहे. वहिनी, तुमच्या हाताच्या मापानं तासू का?”